वाघ्याची जखम

लेकीचा, संजनाचा, साखरपुडा रविवारी होता आणि त्याआधी वाघ्याचं काय ते उरकून टाकावं, असं हिरामणने ठरवलं होतं. खरं कारण त्याने घरात सांगितलं नव्हतं. बायकोला, चंद्राबाईला, तो एवढंच म्हणाला, "हाल बघवत नाय त्याचे. कर्जतच्या मॅडम घरी येऊन इंजेक्शन देतात. झोपेतच जातो म्हने."

वाघ्या तेरा वर्षांचा गावठी कुत्रा. संजना आठवीत असताना तिने त्याला खालापूरच्या एसटी स्टँडवरून दप्तरात घालून आणलं होतं. संक्रांतीच्या सुमारास त्याचे मागचे पाय गेले. ओटीवरच घाण व्हायला लागली, तेव्हा हिरामणने त्याला उचलून मागच्या रिकाम्या गोठ्यात गोणपाटावर नेऊन ठेवलं. चंद्राबाईचे गुडघे दुखायचे, गोठ्याच्या पायऱ्या तिला उतरवत नसत. म्हणून दूध-भाकर नेऊन देण्याचं काम हिरामणनेच घेतलं. पुढे गोठ्यात वास येऊ लागला. मग तो दारातूनच ताटली आत सरकवायचा आणि तोंड फिरवून परत यायचा.

संजना नाशिकला नोकरीला होती. साखरपुड्यासाठी रजा राखायची म्हणून दिवाळीनंतर ती घरी आली नव्हती. फोनवर विचारायची, "वाघ्या कसा आहे?"

"बरा हाय," हिरामण सांगायचा. "म्हातारा झाला, दुसरं काय."

गुरुवारी अकरा वाजता डॉक्टर विनिता स्कूटरवरून आल्या. तिशीतल्या असतील. गोठ्यात शिरून त्या सरळ जमिनीवर बसल्या. वाघ्याने मान उचलून त्यांचा हात हुंगला. त्यांनी त्याचे डोळे, हिरड्या बघितल्या, छातीला नळी लावली. मग त्याला हलकेच कुशीवर वळवलं आणि थांबल्या.

"काका, इकडे या."

हिरामण दोन पावलं पुढे गेला. कमरेच्या खाली, शेपटीच्या बुडाशी, तळहाताएवढी जखम होती. ती वळवळत होती.

"किती दिवस झाले याला?"

"दोन दिस झाले असतील."

"दोन दिवसांत एवढे किडे होत नाहीत." त्यांचा आवाज चढला नव्हता. "हाल बघवत नाहीत म्हणालात फोनवर. शेवटचं कधी बघितलं होतंत?"

एवढ्यात चंद्राबाई भिंत धरून धरून पायऱ्या उतरून दारात आली होती.

"देऊन टाका मॅडम इंजेक्शन," तो म्हणाला. "सुटंल बिचारा."

"त्याचे फार दिवस राहिलेले नाहीत, ते खरंय. पाय परत येणार नाहीत. पण आज त्याला दुखतंय ते या जखमेमुळं, आणि ती भरून येऊ शकते. तो खातोय, माणूस ओळखतोय. आज मी देणार नाही."

"रविवारी पावने येनार हायत घरी," हिरामण बोलून गेला.

बोलल्यावर त्याचं त्यालाच ऐकू आलं. डॉक्टर पिशवीतून हातमोजे काढत होत्या, त्यांनी वर बघितलं नाही.

"म्हनून बोलावलंत यांना?" चंद्राबाईने दारातून विचारलं.

डॉक्टरांनी त्याला वाघ्याचं डोकं धरून बसायला सांगितलं. सुन्न करायचं औषध लावून पाऊण तास त्या चिमट्याने एकेक किडा काढून वाटीत टाकत होत्या. वाघ्या कण्हायचा आणि हिरामणच्या काखेत तोंड खुपसायचा. एकदाही त्याने दात लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं, असं हिरामणला वाटत राहिलं.

त्याच दिवशी त्याने वाघ्याला परत ओटीवर आणलं. जुनी गादी, वर मेणकापड, त्यावर लुगड्याची घडी. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे तो दर चार तासांनी त्याची कूस बदलायचा, जखम धुवायचा, मलम भरायचा. चंद्राबाई पाणी कोमट करून द्यायची. पण त्याच्याशी कामापुरतंच बोलायची.

शनिवारी दुपारी संजना आली. बॅग खांद्यावरच ठेवून ती वाघ्यापाशी बसली. त्याने शेपटीचं टोक हलवलं, तेवढंच त्याला हलवता येत होतं. जखम बघून तिने विचारलं, "हे कधी झालं?"

चंद्राबाई स्वयंपाकघरात होती. सांगायचं तर आपणच सांगायला हवं, हे हिरामणला कळत होतं.

"ठाव नाय," तो म्हणाला. "पंधरा दिस, तीन आठवडे. मी बघितलंच नाय गं. वास यायचा म्हनून दारातनं ताटली सरकवायचो."

"आणि मला बरा आहे सांगत होतात."

"व्हय."

ती रागावून बोलली असती तर त्याला सोपं गेलं असतं. ती उठून हात धुवायला गेली.

रविवारी पाहुणे आले. वाघ्या ओटीवर कोपऱ्यात होता. औषधाचा वास होताच. मुलाच्या मामांनी नाकाला रुमाल लावला आणि हिरामणकडे बघितलं.

"आमचा कुत्रा हाय," तो म्हणाला. "आजारी हाय." कानाची पाळी तापल्यासारखी झाली. लाज पाहुण्यांची नव्हती, आपल्याच वागण्याची होती, हे त्याला त्या रुमालासमोर उभं राहून कळलं. साखरपुडा नीट पार पडला.

जखम भरत आली. तीन आठवडे वाघ्या ओटीवरच्या उन्हात पडून राहिला, अंगणातल्या कोंबड्या बघत. मग एका सोमवारी त्याने दूध सोडलं, बुधवारी पाणी. डॉक्टरांनी येऊन रक्त नेलं. संध्याकाळी त्यांचा फोन आला. मूत्रपिंडं बंद पडली होती.

"आता त्याला धरून ठेवणं म्हणजे त्रास देणं," त्या म्हणाल्या. "संजनाला कळवा. परवा सकाळी येते मी."

संजना आली. डॉक्टरांनी सगळं आधी समजावून सांगितलं, पहिल्या इंजेक्शनने तो गाढ झोपेल, दुसऱ्याने हृदय थांबेल. कागदावर सही हवी होती. हिरामणने पेन घेतलं, आणि संजनापुढे केलं. "तू कर. तुझा हाय तो."

"आपल्या घरातला आहे," ती म्हणाली. "तुम्हीच करा."

त्याने सही केली. उठून अंगणात जावं, असं त्याला फार वाटत होतं. तो गेला नाही. वाघ्याचं डोकं त्याच्या मांडीवर होतं. पहिली सुई टोचताना वाघ्याने त्याचं मनगट चाटलं. हिरामणने हात झटकन मागे घेतला. असं चाटून घ्यायचा आपल्याला काय हक्क, असं त्याच्या मनात आलं. संजनाने त्याचा हात धरून परत वाघ्याच्या तोंडापाशी ठेवला. वाघ्या झोपला, आणि थोड्या वेळाने डॉक्टरांनी छातीवरची नळी काढून घेतली.

वालाच्या शेताच्या बांधाजवळ खड्डा खणायला शेजारचा नीलेश आला होता. माती लोटून झाल्यावर तो म्हणाला, "काका, लेकरासारखं केलंत त्याचं. सगळा गाव बोलतो. कोन करतो एवढं कुत्र्यासाठी?"

चंद्राबाई आणि संजना दोघी तिथेच उभ्या होत्या. दोघींनीही हिरामणकडे बघितलं नाही. त्याने तोंड उघडलं, पण नीलेशला सगळं सांगायला कुठून सुरुवात करावी ते त्याला उमगेना. तो खाली मान घालून फावड्याने माती सपाट करत राहिला, सपाट झाली तरी करत राहिला.

शेवटी संजनाने त्याच्या हातातून फावडं काढून घेतलं.

"चला बाबा," ती म्हणाली. "आंघोळ करून घ्या."