डाव्या हातातल्या बांगड्या

"आई, डाव्या हातातल्या बांगड्या काढून ठेवा," कामिनी म्हणाली आणि भागाबाईच्या काळजात चर्र झालं. नवरा हयात असलेल्या बाईला कुठली सून असं तोंड वर करून सांगते?

डायलिसिससाठी जळगावच्या दवाखान्यात तिच्या डाव्या मनगटातली शीर धमनीला जोडायची होती. शीर फुगून तयार झाली की सुया तिथेच टोचायच्या. मग तोवर डायलिसिससाठी मानेत बसवलेली नळी, जिने दोनदा थंडीताप आणला होता, एकदाची निघणार होती. हे सगळं भागाबाईला पटलं होतं. पण तिचा नवरा झुलाल ऐन ऑपरेशनच्या तोंडावर सोनगीरला बहिणीकडे जाऊन बसला होता आणि फोनवरही येत नव्हता. ते काही पटेना.

"नीलेश, तुना आबा कोठे शे? माले खरं सांग."

"आत्याकडेच आहेत गं. रेंज नाही तिथे," मुलगा मोबाइलमध्ये बघत म्हणाला.

हायवेवरचं सोनगीर, आणि म्हणे रेंज नाही!

बांगड्या निघाल्या, ऑपरेशन झालं. रोज सकाळी कामिनी तिच्या मनगटावर तळहात ठेवायची. "थरथर लागतेय, म्हणजे रक्त नीट वाहतंय. या हातात घट्ट काही घालायचं नाही हं." बोलायची गोड, पण स्वयंपाकघरात नवरा-बायकोची सारखी कुजबुज. एका दुपारी नीलेशचा आवाज आलाच, "आईला इतक्यात सांगू नकोस."

भागाबाईच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. दवाखान्याचं नुसतं निमित्त होतं तर! धनी गेला, आणि मेल्यांनी बांगड्या तेवढ्या गोडीगुलाबीने उतरवून घेतल्या. रागाने तिला रडूच फुटलं. सुजलेल्या हाताला साबण चोळून तिने हिरव्या बांगड्या परत चढवल्या. एक फुटली, बाकीच्या मनगटात रुतल्या.

"माना धनी जित्ता शे," ती भिंतीला म्हणाली. हात पदराखाली घेऊन तशीच झोपली.

सकाळी दारात रिक्षा थांबली. नीलेशने धरून उतरवलं ते झुलाललाच. तोंड सुजलेलं, जबडा तारेने बांधलेला.

"मोटारसायकलने उडवलं आबांना," नीलेश म्हणाला. "धुळ्याला दवाखान्यात होते. बोलता येत नाही. तुझं ऑपरेशन लांबेल म्हणून सांगितलं नाही, मग म्हटलं आबांना घरी आणूनच सांगू."

भागाबाई हसत-रडत पुढे धावली. झुलालने तिचा हात हातात घेतला, बांगड्या पाहिल्या, आणि त्याचे डोळे हसले.

कामिनी हसली नाही. तिने मनगटावर तळहात ठेवला, मग वाकून कान लावला.

"आई," ती म्हणाली, "थरथर लागत नाही."

भागाबाईचा दुसरा हात आपोआप मानेतल्या नळीकडे गेला.