ओठांना गार लागणारा दगड

“ये किसने बनाया, शैलेंद्रभाई?”

बर दुबईतल्या व्हेपच्या, म्हणजे ई-सिगारेटच्या, आपल्या चिंचोळ्या दुकानात हमीद ती नळी दिव्याखाली धरून फिरवत होता. व्हेपच्या टँकवर बसवायची, तोंडात धरायची नळी, म्हणजे ड्रिप टिप. एरवी ती प्लास्टिकची नाहीतर स्टीलची मिळते. ही काळ्या दगडाची होती, कमरेत किंचित बारीक, आणि तिच्या अंगावरून पांढरी शीर धुराच्या रेघेसारखी वर गेलेली.

“मैंने,” शैलेंद्र म्हणाला.

मागे त्याची बायको अनुराधा लिक्विडच्या बाटलीवरचं लेबल वाचत उभी होती. तिनं बाटली जागेवर ठेवली, लेबल समोर करून.

“माशाल्ला! कुछ दिन दुकान में रखूँ? सॅम्पल के लिए?”

“रख लो. ले ही लो.”

रास अल खैमाला परतताना निम्मा रस्ता संपल्यावर अनुराधानं पेट्रोलचा काटा बघितला. मग एवढंच म्हणाली, “पेट्रोल भरून घे.”

ती नळी तिनं केली होती. शैलेंद्रसाठी.

मंदी आली तेव्हा शैलेंद्र दुबईत ऑफिसांच्या अंतर्गत सजावटीची कामं करणाऱ्या कंपनीत इंजिनिअर होता. क्रेन जागच्या जागी थांबल्या, आणि कंपनीनं त्याला बिनपगारी रजेवर बसवलं. अनुराधाला रास अल खैमाच्या एका डेंटल लॅबमध्ये काम होतं. दातांच्या कॅप बनवायच्या, घासायच्या, पॉलिश करायच्या. तिच्या पगारावर घर चाललं, मुलीची, ओवीची, शाळा चालली. दुबईचं भाडं परवडेना म्हणून बिऱ्हाडही तिच्या लॅबजवळ हललं. पुढे शैलेंद्रला तिथल्याच एका सिरॅमिकच्या कारखान्यात नोकरी मिळाली, आधीपेक्षा खालची. त्या दिवसांबद्दल अनुराधानं कधी चकार शब्द काढला नाही. तिनं एकदा तरी ऐकवायला हवं होतं, असं त्याला वाटे. म्हणजे भांडता तरी आलं असतं.

सिगारेट त्याच दिवसांत लागली होती. दहा वर्षांनी छाती घरघरायला लागल्यावर तो व्हेपवर आला. इथे व्हेपच्या विक्रीला परवानगी मिळाली तो उन्हाळा. प्लास्टिकची टिप तापायची, ओठाला चटका बसायचा. दगड गार राहतो असं कुठेतरी वाचून त्यानं बाल्कनीत छोटं लेथ मशीन मांडलं, मार्बलच्या वर्कशॉपबाहेरचे फेकलेले तुकडे आणले. अनेक वर्षांत पहिल्यांदा काहीतरी फक्त त्याचं होतं. तुकडे फुटायचे, भोक तिरकं जायचं, पण तो शीळ घालत बसायचा.

एका शुक्रवारी अनुराधा शेजारी येऊन बसली. “दे बघू जरा.”

संध्याकाळपर्यंत ती काळी नळी तयार झाली. ओठांत धरली की आहे हे कळायचंसुद्धा नाही. “बरी झालीये,” तो म्हणाला. त्यानंतर दर झुरक्याला त्याला वाटायचं, हेही हिनं घेतलं.

आठवड्याभरात हमीदचा फोन आला. अल ऐनकडचा एक म्हातारा शेख, आयुष्यभर मिदवाखची छोटी चिलीम ओढलेला, आता व्हेपवर आला होता. त्याच्या शेताजवळच्या कोरड्या ओढ्यातला हिरवा दगड त्यानं आणून दिला होता. त्याला सॅम्पलसारखीच टिप हवी होती.

शैलेंद्रनं बाल्कनीचं दार आपल्यामागे लावून घेतलं. घाई केली नाही. भोक सरळ गेलं. सँडपेपर बदलत, पाण्याखाली घासत राहिला. अनुराधा दारापर्यंत यायची, काचेतून बघायची आणि जायची. एकदा तिनं हात वर करून काचेवर टकटक करायला घेतली आणि थांबली. त्यानं मान वर केली नाही.

तयार झालेली हिरवी टिप बघून ओवी म्हणाली, “बाबा, धिस इज ॲक्च्युअली नाइस!”

ते ‘ॲक्च्युअली’ त्याला दिवसभर टोचत राहिलं.

दुकानात शेख वाट बघत बसला होता. त्यानं हिरवी टिप टँकवर बसवली, ओढली. मान डोलावली. मग ती काढून सॅम्पलची काळी बसवली आणि डोळे मिटले. बऱ्याच वेळानं तो हमीदशी अरबीत काहीतरी म्हणाला.

हमीदनं अवघडून सांगितलं, “बोलते हैं, दोनों अच्छे हैं. मगर हाथ अलग है. इनके पास वो पत्थर और है. इसी हाथ से चाहिए.” त्यानं काळी टिप वर धरली. “किसका हाथ है, भाई?”

रस्त्यावरचे हॉर्न, मीना बाजारातला कलकलाट, सगळं ऐकू येत होतं. शेखनं काळ्या टिपवरून शैलेंद्रकडे नजर वळवली. म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तेच शैलेंद्रला सोसवेना.

“मेरी मिसेस का.”

“तो उस दिन बोलना था ना! वो तो यहीं खड़ी थी.”

घरी आल्यावर त्यानं शेखनं दिलेला आणखी एक हिरवा दगड डायनिंग टेबलवर ठेवला. अनुराधा भाजी निवडत होती.

“त्यांना तुझ्याच हातची हवीये.”

“ती माझी आहे हे कुणी सांगितलं त्यांना?”

“मी.”

तिनं दगड उचलून खिडकीकडे धरला, अंगठ्यानं चाचपला. “ओठ भाजत होता तुझा, म्हणून केली होती ती. दुकानासाठी नव्हे.”

“माहितीये.”

“माहिती होतं तरी देऊन टाकलीस?”

“रोज तोंडात धरवत नव्हती, अनु.” तो समोरची खुर्ची ओढून बसला. “माझं एवढंसं होतं काहीतरी. त्यातही तू...”

तिनं मेथीच्या काड्या एका बाजूला सारल्या.

“चांगलं जमलं म्हणून मी माफी मागणार नाही, शैलू.”

“नको मागूस.”

“करून देईन. पण हमीदभाईंना माझं नाव सांगायचं.”

“सांगतो.”

शुक्रवारी सकाळी, ऊन वर यायच्या आत, ती बाल्कनीत बसली. त्यानं आतून आपलं स्टूल आणलं. भोक पाडताना दगड तापून तडकू नये म्हणून सतत पाणी सोडावं लागतं. एवढे दिवस त्यानं ते बाटली टांगून भागवलं होतं. आता त्यानं तांब्या हातात घेतला. यंत्र घरघरायला लागलं. तिचे हात जराही हलत नव्हते. ते त्याला आजही खुपलं, नेहमीसारखंच.

“पाणी,” ती म्हणाली.

त्यानं तांब्या तिरका केला. बारीक, न तुटणारी धार धरली. दगडावरून हिरवट पाणी ओघळून त्याच्या पायांवर येत राहिलं. त्यानं पाय बाजूला घेतले नाहीत.