पाडायच्या इमारतीवरचं कडं

"अस्ता, सायकलला हे काय अडकवून आणलंयस?" मोगेन्सने विचारलं. तो आमच्या वास्तुकला विभागाचा प्रमुख. समारंभ असला की हात मागे बांधून फिरतो.

"कडं. ओकच्या पानांचं. माझ्या हाताने विणलंय."

"अगं, सुतारांनी कधीच चढवलंय. वर बघ की!"

नव्या लाकडी इमारतीच्या वाशांवर खरोखरच कडं डुलत होतं. छपराचे वासे चढले की वर पानांचं कडं आणि खाली कामगारांना बिअर-सॉसेज, हा रिवाज आमच्या ऑर्हुसमध्ये कंजूस मालकही मोडत नाही. महापौरबाईही सॉसेजच्या रांगेत उभ्या होत्या.

अस्ता थेस्ट्रुपने आज दोन शब्द बोलायचे होते. ही नवी वसाहत पर्यावरणाला कशी धरून आहे, वगैरे. जुन्या इमारती जपा, हे जन्मभर शिकवलेल्या प्राध्यापिकेनेच असं म्हटलं की समोरची विटांची चाळीसारखी लांब इमारत या वसाहतीसाठी सोमवारी पाडायला कुणाची हरकत उरणार नव्हती. घोडं इथेच पेंड खात होतं. त्या इमारतीच्या भिंती अस्ताने आणि मी, तिच्या हाताखालच्या सहायकाने, ठोकून ठोकून तपासल्या होत्या. चांगल्या धडधाकट होत्या.

मोगेन्सने आवाज खाली आणला. "चार वाक्यं बोल आणि मोकळी हो. नाहीतर संशोधन केंद्र तुझ्याकडे राहायचं नाही. मग माझ्यापाशी रडू नकोस."

"नाही रडणार. एकदा भाजलेली वीट पुन्हा भाजावी लागत नाही, नवा धूर होत नाही, मोगेन्स. मीच शिकवलंय तुला. परीक्षेत बरोबर लिहिलंही होतंस."

कडं खांद्याला अडकवून ती रस्ता ओलांडून गेली, कुंपणाखालून वाकून आत शिरली. माझी नोकरी अजून बरीच उरलेली. तरी गेलो मागोमाग. या वयात बाई धापा टाकत छपरावर पोचली आणि धुराड्याला कडं बांधून खाली ओरडली, "हीसुद्धा उभी आहे! तुमच्या जन्माआधीपासून! हिच्या नावाने प्या की एकेक घोट!"

खाली वाजंत्री थांबली. महापौरबाई सॉसेजकडे बघू लागल्या. एका म्हाताऱ्या सुताराने मात्र बाटली उंच केली. मला इतका अभिमान वाटला की काय सांगू.

सोमवारी मशीन आलंच. चालकाने वर पाहिलं आणि इंजिन बंद केलं.

"कडं असलेल्या घरावर मी मशीन घालत नसतो," तो म्हणाला. मुकादमाने आरडाओरडा केला, फोन लावले. शेवटी चालक स्वतःच वर चढला, कडं दोन्ही हातांनी सोडवून खाली आणलं आणि कुंपणापाशी उभ्या असलेल्या अस्ताच्या हातात दिलं.

"एवढंच जमतं बघ मला."

"पुष्कळ झालं," ती म्हणाली.

संध्याकाळपर्यंत विटांचा ढीग झाला. केंद्रही गेलंच, मोगेन्स या बाबतीत शब्दाचा पक्का. भिंत कोसळताना मीच रडलो. तिच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. तिने सुकत चाललेलं कडं सायकलच्या हँडलला अडकवलं.

"पुढची कुठली पाडतायत रे?"

"बंदराकडची जुनी शाळा."

"चल तर मग."

ती पुढे निघाली. मी मागून पायडल मारत होतो, आणि रस्ताभर तिच्या कड्याची पानं गळत होती.