लोखंडाचा पेपर

बाईंना निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली होती, पण त्या दिवशी प्रयोगशाळेचा जिना त्या तरातरा चढल्या. विभाग त्यांच्या आयुष्यभराच्या संशोधनाची यादी छापणार होता. चौऱ्याऐंशी पेपरांतला सगळ्यांत मानाचा म्हणजे लोखंडाचा, आणि नेमकं त्याच्यापुढे विभागप्रमुखाने पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलं होतं. हा पेपर बाईंच्या वडिलांनी चौकट करून भिंतीला लावला होता. त्यातलं अक्षरही त्यांना कळत नव्हतं, तरी आल्यागेल्याला दाखवायचे.

विभागप्रमुख म्हणजे बाईंचाच पहिला विद्यार्थी. चष्म्यामुळे त्याला तेव्हा सगळे ढापण्या म्हणत. एरवी अशा कामाला लागणारा महागडा धातू, पॅलेडियम, न वापरता लोखंडाच्या साध्या संयुगाने बेंझिनची दोन कडी जोडून दाखवणारा तो पेपर दोघांच्या नावावर होता.

“मॅडम, पेपरची चूक नाही,” ढापण्या म्हणाला. “माझ्या या विद्यार्थिनीला तो प्रयोग सात महिने जमत नाहीये, म्हणून खूण केली. तीन टक्केच कडी जुळतात, तिथेच गाडी अडलीय. एकेकाचा हात असतो, दुसरं काय.”

पोरगी खाली मान घालून फ्लास्क पुसत होती.

“माझ्यासमोर कर बघू,” म्हणत बाईंनी स्टूल ओढलं.

बाईंनी जन्मभर हात पाहिले होते. धसमुसळे, थरथरणारे, नको तिथे घाई करणारे. या पोरीचा हात सुरेख होता. तिने काच भट्टीत तापवली, आर्गॉन वायू भरला, हवेला फट म्हणून ठेवली नाही. आणि संध्याकाळी उत्तर आलं तीन टक्के.

दुसऱ्या दिवशी बाईंनी बाह्या सरसावल्या. कपाटातलं आपलं जुनं सामान काढून तोच प्रयोग लावला. दुपारी निकाल आला, एक्क्याण्णव टक्के.

“म्हटलं नव्हतं?” ढापण्या खुशीत म्हणाला.

बाईंना तेवढ्यावर घरी जाता आलं असतं. त्या गेल्या नाहीत.

“काय गं, काल आणि आज फरक काय?”

“तुमचा हात, मॅडम.”

“हात काही मी फ्लास्कात घातला नव्हता. नीट बघ.”

पोरीने एकेक गोष्ट ताडून पाहिली. रसायनं तीच, वायू तोच. काच अदलाबदल करून पाहिली, तरी फरक नाही. उरला ढवळायचा मॅग्नेट, बोटाच्या पेराएवढा, टेफ्लॉनचं पांढरं आवरण असलेला. पोरीचा कोरा करकरीत होता. बाईंचा करडा पडलेला, आणि त्याच्या ओरखड्यांत बारीक काळे ठिपके.

बाईंनी तो मॅग्नेट खिडकीपाशी उजेडात धरला. पेपर लिहिला त्या वर्षी शेजारच्या ओट्यावर रोज पॅलेडियमचे प्रयोग चालत. मॅग्नेट मोजके, म्हणून एकमेकांचे उसने घ्यायचे. आम्लात बुडवून काढला की झाला स्वच्छ, हे बाईंनीच सगळ्यांना शिकवलं होतं.

“आता माझाच मॅग्नेट घे, आणि लोखंड न घालता लाव.”

“कशाला मॅडम?” ढापण्याचा आवाज बारीक झाला.

“कशाला ते तुला कळलंय.”

तिसऱ्या दिवशी, लोखंडाचा कणही नसताना, अठ्ठ्याऐंशी टक्के कडी जोडली गेली. काम लोखंडाचं नव्हतंच, ओरखड्यांत अडकलेल्या पॅलेडियमचं होतं.

बाई दोघांना घेऊन ढापण्याच्या खोलीत जाऊन बसल्या आणि त्यांनी जर्नलला पेपर मागे घेत असल्याचं पत्र लिहायला घेतलं.

“इतकी वर्षं कोणी विचारलं नाही, मॅडम,” तो म्हणाला.

“ही सात महिने तेच विचारतेय. आणि तू तिच्याच हाताला नावं ठेवत बसलास.”

“माझी पदवी आहे त्या कामावर.”

“प्रबंधाची बाकीची चार प्रकरणं तू घाम गाळून लिहिलीस, मी पाहिलंय. ती कुठे जात नाहीत. मला काय सोपं आहे रे? पण हे पत्र चार वाजता जाणार. तुझी सही असली तर दोन सह्या, नसली तर एक. आणि चूक कोणी शोधली, तिथे हिचं नाव.”

ढापण्याने पत्र दोनदा वाचलं. चष्मा काढून पुसला. मग पेन उचलून सहीच्या जागी न जाता मधल्याच एका ओळीवर काट मारली.

“‘काही त्रुटी राहून गेली असावी’ असं का लिहिलंत? ‘आम्ही चुकलो’ लिहा. मग करतो सही.”

बाईंनी त्याच्याकडे रोखून पाहिलं, कोरा कागद ओढला आणि पत्र पुन्हा पहिल्या ओळीपासून लिहायला घेतलं.