मोळीवरची राख

दसरा होऊन गेला तरी ऊन चैत्रातल्यासारखं चटकत होतं. संजीवनी सकाळपासून दोडक्याच्या मांडवाखाली वाकून तोडा करत होती. नीरेच्या काठाला, नरसिंहपूरच्या अलीकडं त्यांची वस्ती. घरापुढं तरकारी आणि मागं कारखान्याला नोंदवलेला ऊस. त्या साली मांडवाला फूल भरपूर लागलं होतं, पण उन्हाच्या तडाख्यानं निम्मं फळ धरायच्या आतच गळून पडलं. इंदापूरच्या बाजाराला न्यायचे क्रेट काही केल्या भरत नव्हते.

"आई, मी कारखान्यावर जाऊन येते," राजेश्वरी बांधावरून म्हणाली. तिच्या खांद्याला एक कापडी पिशवी होती.

"मोळीला? तुझं आण्णा तर मगाशीच गेलं."

"बारामतीच्या मैत्रिणी येणार हायेत. त्यांच्यासंगं जाते."

संजीवनीला बरं वाटलं. पुण्याला पर्यावरणाचं शिक्षण घेऊन आल्यापासून पोरगी गावच्या पूजेअर्चेला फिरकत नव्हती. आज हंगामाची पहिली उसाची मोळी कारखान्याच्या गव्हाणीत पडून गाळप सुरू व्हायचं होतं; सगळा गाव नवे कपडे घालून तिकडं गेला होता. "लवकर ये," एवढंच ती म्हणाली आणि पुन्हा वेलीकडं वळली.

दुपार व्हायच्या आत शेजारची बनाबाई मोबाईल हातात धरून लगबगीनं आली.

"संजे, ही तुझीच राजी हाय न्हवं? बघ बरं."

संजीवनीनं हात पदराला पुसून मोबाईल घेतला. झेंडूच्या माळा घातलेली उसाची मोळी, हळदकुंकू, फेटे बांधलेली मंडळी, मंत्र म्हणणारे गुरुजी. गर्दीतून चार मुली पुढं आल्या. त्यांनी पिशव्या उपड्या केल्या आणि मोळीवर, माळांवर, पूजेच्या ताटावर काळी राख पडली. मग राजेश्वरीचा आवाज आला. "ही आपल्याच रानातली राख हाय. सहा म्हैनं आपण ही नाकातनं आत घेतो. आज पूजेत घेऊन बघा." तेवढ्यात कुणीतरी तिचा दंड धरला, कुणीतरी वेणी ओढली आणि चित्र आडवं झालं.

संजीवनी तिथंच, ओल्या सरीत खाली बसली.

त्या भागात पूर्वी ऊस हिरवा तुटत असे. अलीकडं ऊसतोडीला माणूस मिळेना, प्रत्येकाला घाई, म्हणून सांजच्याला फड पेटवून द्यायचा आणि सकाळी पाला जळून उघडे पडलेले ऊस झपाझप तोडायचे, अशी रीतच पडली. जे फड हिरवे तुटत, त्यांचंही पाचट, खाली राहिलेला वाळका पाला, मागून जाळलं जाई. हंगामभर वाळत घातलेल्या धुण्यावर काळ्या काजळीचे तुकडे येऊन पडत. बनाबाईच्या नवऱ्याला, मानसिंगला, दरसाल माघात दम लागे आणि दरसाल माघात तोही आपला फड पेटवी. यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. जे सगळे करतात त्याला कुणी पाप म्हणत नाही.

राजेश्वरी गावात आली आणि तिनं हे बोलायला सुरुवात केली. धुरानं हवा तापते, पाचट रानातच कुजवलं तर ओल टिकते, जमीन सुधारते, हे तिनं ग्रामसभेत सांगितलं. इंदापूरला निवेदनं दिली. शाळेतल्या पोरांना घेऊन फेरी काढली. गावानं तिला नाही म्हटलं नाही. उलट एका कार्यक्रमात शाल आणि नारळ देऊन तिचा सत्कार केला, फोटो काढले. त्याच सांजेला सत्कार करणाऱ्यांचा फड पेटला. त्या शालीलाही धुराचा वास लागला होता.

पोलिसांनी समज देऊन सोडलं, तेव्हा दिवस मावळायला संजीवनीचा नवरा रामहरी लेकीला ठाण्यातून घेऊन आला. तो ओरडला नाही. पायरीवर बसून नुसता चपलेचा अंगठा चाचपत राहिला. संजीवनीनंच विचारलं,

"पूजेवर राख टाकायची काय गरज व्हती गं?"

"सत्कार केला तवा कुणी ऐकलं, आई?"

"म्हणून देवाधर्माच्या कामात घाण करायची? गुरुजींचं काय चुकलं व्हतं?"

राजेश्वरीनं वेणीतली राख झटकली. मग हळू म्हणाली, "ते चुकलंच आसंल. पर मला दुसरं काय सुचंना."

पुढचा महिनाभर त्या राखेवर बोलणं चाललं. एसटीत, हॉटेलांत, लग्नाच्या पंगतीत, मोबाईलवरच्या ग्रुपांत. पुण्याच्या एका वाहिनीवर चर्चा झाली. एक प्राध्यापक म्हणाले, हेतू चांगला पण मार्ग चुकीचा. एक बाई म्हणाल्या, धक्का दिल्याशिवाय समाज जागा होत नाही. एका वक्त्यानं संस्कार काढले, दुसऱ्यानं परदेशी पैसा काढला. संजीवनी रोज संध्याकाळी ते ऐके. तिला वाटे, आता कुणीतरी धुराचं बोलेल. सगळे पद्धतीवर बोलले. धुरावर कुणी बोललं नाही. खिडकीबाहेर पलीकडच्या वस्तीवरचा फड ताडताड पेटलेला असे, आणि ती उठून खिडकी लावून घेई.

मग एकेक गोष्ट घडू लागली. माणसाला वाळीत टाकणं हा कायद्यानं गुन्हा आहे, हे गावाला ठाऊक होतं. म्हणून वाळीत टाकलं असं कुणी म्हटलं नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं बोलावणं संजीवनीकडं यायचं राहून गेलं. दळणाला गेली की गिरणीवाला म्हणे, "ठिवून जा, बघतो." राजेश्वरीला बघायला येणार होते ते पाहुणे आले नाहीत, आणि का आले नाहीत तेही कळवलं नाही. रामहरी पारावर जाऊन बसला की बसलेले एकेक करून उठत. कुणाला धार काढायची असे, कुणाला मोटर बंद करायची असे.

ऊसतोडीची टोळीही आली नाही. अलीकडचा फड तुटला, पलीकडचा तुटला, मधला रामहरीचा तसाच उभा. कारखान्याचा माणूस येई, फटफटीवरूनच "पुढच्या आठवड्यात बघू" म्हणे आणि जाई. उसाला तुरा आला. तुरा आला की ऊस आतून पोकळ पडत जातो, वजन घटतं. वाऱ्यावर डोलणारे ते पांढरे तुरे बघून रामहरीचं जेवण कमी झालं.

शेवटी नवराबायको दिग्विजयच्या दारी गेली. दिग्विजय वयानं लहान, पण कारखान्याच्या राजकारणातला. गावात त्याचा शब्द खाली पडत नसे. त्यानं उठून दोघांना खुर्च्या दिल्या.

"तात्या, आमच्या मनात काय न्हाय. काकी, पोरीचा मुद्दा चुकीचा हाय आसं मी कवाच म्हटलो न्हाय. पद्धत चुकली."

"मग बरोबर पद्धत कोणती, तेवढं सांगा दिग्विजयराव," संजीवनी म्हणाली. तिचा आवाज मुळीच चढला नव्हता; तिला खरंच विचारायचं होतं. "ती सभेत बोलली. कागद दिलं. पोरं घिऊन फेरी काढली. ह्यातली कोणती बरोबर व्हती? तुमी सांगाल ती करंल ती."

दिग्विजय हसला, मग हसू आवरून आत वळला आणि त्यानं चहा सांगितला.

"समद्याला येळ असतो, काकी," कप हातात देत तो म्हणाला. "तूर्त एक करा. तिला म्हणावं, समद्यांम्होरं माफी माग. म्हण, मी बोलले त्ये खोटं व्हतं, फड पेटवल्यानं काय व्हत न्हाय. मोबाईलवर टाकू, इषय मिटंल. दुसऱ्या दिशी टोळी."

घरी राजेश्वरीनं ते ऐकून घेतलं. "पूजा मोडली, त्याची माफी मागते," ती म्हणाली. "गुरुजींच्या पाया पडते. म्हणतील तितं उभी ऱ्हाते. पर धूर खोटा हाय आसं न्हाय म्हणणार, आण्णा."

"नुसतं तोंडानं म्हणायचं गं," रामहरी म्हणाला.

"त्यांला तेवढंच तर पायजे."

ती खरंच गुरुजींच्या घरी गेली, पाया पडून आली. गुरुजींनी डोक्यावर हात ठेवला आणि "सुखी राहा" म्हणाले. त्याची कुणी चित्रफीत काढली नाही.

तिला गावात ठेवणं बरं नव्हे, असं रामहरीच्या मनानं घेतलं. बारामतीला जळोचीत त्याची बहीण होती; तिच्याकडं तिला काही दिवस पाठवायचं ठरलं. एसटीत बसताना राजेश्वरी म्हणाली, "आण्णा, येवढंच करा. आपला ऊस पेटवू नका." रामहरीनं मान हलवली.

पोरगी गावाबाहेर गेली, तेवढ्यावर गावाचं भागलं असावं; थोड्याच दिवसांत टोळी आली. मुकादम भीमा बीडकडचा, बोलायला मऊ. फडाभोवती फिरून तो म्हणाला, "मालक, सांजच्याला काडी लावून ठिवा. सकाळी कोयतं लागत्याल."

"हिरवाच तोडा, भीमा. आमी पेटवत न्हाय."

"मग राहू द्या. आमचा नंबर पुढच्या वस्तीवर हाय. हंगाम संपत आलाय, परत येणं काय व्हत न्हाय."

भीमाची बायको गोजरबाई लेकरू काखेला घेऊन उभी होती. लेकरू खोकत होतं. संजीवनी तिला म्हणाली, "बाई, ह्यो धूर तुझ्या लेकराला बी बाधतोय की."

"बाधतोय तर," गोजरबाई म्हणाली. तिनं बाही वर सारून हात पुढं केला. मनगटापासून कोपरापर्यंत पाचटानं चिरलेल्या रेघा होत्या, काही नव्या, काही खपली धरलेल्या. "तुमची लेक खरं बोलती म्हणत्यात. पर हिरव्यात ह्ये आसं हुतं, अन् दिवसाची गाडीची खेप बी भरत न्हाय. आमी काय करावं, तुमीच सांगा."

जे दिग्विजयच्या ओसरीवर तिनं विचारलं होतं, तसंच हेही होतं.

सांज झाली. रामहरी काड्याची पेटी घेऊन फडाच्या कडेला गेला आणि बांधावर बसून राहिला. एक काडी ओढली, ती विझली. दुसरी ओढली आणि हातातच धरून बसला, चटका बसेपर्यंत. संजीवनी मागून गेली. इतक्या वर्षांच्या संसारात तिनं त्याला असा कधी पाहिला नव्हता.

"तुमी कबूल केलंय तिला," ती म्हणाली. "मी न्हाय केलं. आणा हिकडं."

तिनं पेटी घेतली. वाळलेल्या पाचटाला काडी लावली आणि मागं सरली. जाळ पानापानानं चढला, तुऱ्यांपर्यंत पोचला, आणि आत कुठंतरी घरटी केलेली पाखरं ओरडत वर उडाली. ती धुरात गोल फिरत राहिली. रामहरी तोंड फिरवून बसला होता. संजीवनी बघत राहिली. आपण केलं ते आपण बघितलं पाहिजे, असं तिला वाटलं.

रस्त्यावर कुणीतरी गाडी थांबवून मोबाईल धरला होता. ते तिच्या ध्यानात आलं तेव्हा गाडी निघून गेली होती.

सकाळी कोयते चालू झाले आणि इकडं मोबाईलवर एकच चित्र फिरू लागलं. राख टाकणारीच्या घरचाच ऊस पेटला. लोकांनी हसून हसून पुढं पाठवलं. पुण्याच्या त्या वाहिनीनं पुन्हा चर्चा ठेवली, या वेळी ढोंगावर.

राजेश्वरीचा फोन आला.

"आई, काडी कुणी लावली?"

"मी."

मग ती म्हणाली, "आण्णा जेवतात का?"

"आज जेवलं."

"बरं झालं," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

वाहिनीवाल्यांनी तिला गाठलं तेव्हा, ऊस का पेटवावा लागला हे ती सांगू शकली असती. बापाला पुढच्या हंगामातही याच गावात ऊस घालायचा आहे, हे तिला कळत होतं. ती म्हणाली, "आमच्या घरचं बी चुकलं." तेवढंच वाक्य कापून दाखवलं गेलं. बारामतीच्या मैत्रिणींतल्या एकीनं तिच्याशी बोलणं सोडलं.

त्याच आठवड्यात ती न सांगता घरी आली. पिशवी खाली ठेवून आईशेजारी बसली आणि मेथीच्या जुड्या बांधू लागली.

सांजच्या वेळी बनाबाईच्या घरासमोरून मानसिंग आणि दोन गडी काड्याची पेटी घेऊन त्यांच्या फडाकडं निघाले. वारा सरळ वस्तीवर येत होता. संजीवनीनं जुडी खाली ठेवली. आयुष्यात कधी ती कुणाच्या बांधावर तोंड उघडायला गेली नव्हती. आज ती भराभर चालत गेली, आणि मागोमाग राजेश्वरी.

"भावजी, जाळू नका," ती मानसिंगला म्हणाली. "वारा घराकडं हाय. तुमचा दमा हाय. पाया पडते, हिरवा तोडा."

मानसिंगनं तिच्याकडं पाहिलं. त्याच्या नजरेत राग नव्हता, उलट थोडी कणवच होती.

"वहिनी," तो म्हणाला, "तुमी तर परवाच पेटवला."

गडी खाली बघून हसले. राजेश्वरीनं काही बोलायला तोंड उघडलं, पण तिच्याकडं कुणी पाहिलंच नाही. संजीवनीनं मनाशी जुळवून पाहिलं. आपण का पेटवला ते सांगावं, तर मग मानसिंगही तेच सांगेल. त्याचीही टोळी उद्या जाणार होती. जो तो असाच बांधला गेला होता, आणि ज्या तोंडानं नको म्हणायचं ते तोंड त्यांनी आधी काळं करून घेतलं होतं. हे एकट्या तिच्या वस्तीचं नव्हतं; ज्यांनी पेपर वाचता वाचता त्या मुलीची पद्धत चुकली असं ठरवलं, त्यांच्याही दारात तीच काजळी येऊन पडते.

मानसिंग त्या दोघी बाजूला व्हायची वाट पाहत थांबला. त्या झाल्या नाहीत. मायलेकी फडाच्या तोंडाला उभ्या राहिल्या, हातात काही नाही, तोंडात काही नाही.

"जाऊ द्या," मानसिंग गड्यांना म्हणाला. ते फडाला वळसा घालून गेले आणि त्यांनी पलीकडच्या कडेनं पेटवलं.