खोडलेल्या रेघा

"बाबा, खोडू नका!" मी ओरडले तेव्हा खोडरबर कागदाला टेकलाही होता.

"काहून? चुकलं ना व. खालची बाजू मांगच्या महिन्यात अशी नोयती."

माझे बाबा, इंद्रभान, वाशीमजवळच्या मालेगावच्या एका शाळेत तीस वर्षं प्रयोगशाळा परिचर होते. निवृत्त होताना त्यांनी शाळेनं मोडीत काढलेली दुर्बीण मागून आणली. तेव्हापासून हिवाळ्यात जेवणं आटोपली की ते गच्चीवर जात आणि मृगाच्या डावीकडचा एक तेजोमेघ शोधत. सुपाच्या आकाराचा, इवलासा, धुरकट. दर महिन्याला प्रयोगवहीत त्याचं चित्र, तारखेसकट. असे अकरा हिवाळे. आई, बेबीताई, चिडवायची, "यायले माह्या तोंडाचा आकार सांगता येनार नाही, पन त्या धुराचा पाठ हाये!"

वहीतली सगळी चित्रं एकसारखी होती. तेच आज मला खटकलं. मी वाशीमला विज्ञान शिकवते, आणि कालच त्या मेघाचे फोटो पाहिले होते. प्रत्येक निराळा! मेघाला स्वतःचा उजेड नाही. टोकाशी असलेल्या ताऱ्याचा उजेड त्यावर पडतो, आणि ताऱ्याजवळून धुळीचे लोट सरकले की त्यांच्या सावल्या मेघभर फिरतात. काही आठवड्यांतच रूप पालटतं.

मी हे सांगितलं तसा बाबांनी खोडरबर खाली ठेवला.

"म्हंजे मले दिसे ते खरं होतं?"

"हो बाबा."

"मी त दर खेपी पुसून पयल्या चित्रावानी करत आलो. पोरायच्या वह्या तशाच पास होत ना. प्रयोगाचा आकडा पुस्तकाशी जुळला नाही की सर म्हनत, इंद्रभान, दुरुस्त करून दे. मले वाटलं, आपलाच डोया चुकते."

मला त्या सरांचा, वहीचा, खोडरबराचा, सगळ्यांचाच संताप आला. अकरा वर्षं या माणसानं खरं पाहिलं आणि स्वतःलाच खोटं ठरवलं.

आईनं वही उचलली आणि मोबाईलची बत्ती पानावर तिरपी धरली.

"पाहा, हायेत ना रेघा. तुमी पेन्शिल दाबून काहाडता, मले मालूम हाये."

खोडलेल्या रेघांचे खळगे सावली धरून उठले होते. पान उलटलं की मेघ बदलत होता.

बाबा बराच वेळ त्यावरून बोट फिरवत राहिले. मग आजचं चित्र दिसलं तसंच ठेवून त्यांनी तारीख घातली. खाली 'तपासले' असं छापून पुढे कोरी जागा होती. तिथल्या सहीसाठी तीस वर्षं ते वह्यांचे गठ्ठे सरांच्या टेबलावर नेऊन ठेवत.

त्यांनी माझ्याकडून पेन घेतला आणि सही केली.