मुदत संपलेली सकाळ

या, मित्रांनो, जरा जवळ सरकून बसा. एक गोष्ट सांगतो, मन लावून ऐका; ऐकल्याचे सार्थक होईल.

मी एक जुना लाकडी अडथळा आहे. पोलीस मला बॅरिकेड म्हणतात. एका सुताराने फळ्या जोडून मला घडवले, लाल-पांढरे पट्टे ओढले आणि पाठीवर थाप मारून म्हणाला, "जा, आता भल्याभल्यांना थांबव!" मी तर फुगूनच गेलो.

मग नदीला पूर आला. पाणी ओसरले, पण एका गल्लीतल्या भिंती भिजून फुगल्या होत्या. कोणती कधी बसेल, सांगता येत नव्हते. म्हणून हुकूम निघाला: पंधरा दिवस गल्ली बंद, पोलिसांनी कुणालाही आत सोडू नये. तो कागद माझ्या छातीवर ठोकला गेला आणि एक हवालदार माझ्याशेजारी उभा राहिला.

पहिल्या दिवशी लोकांनी मला लाथा मारल्या. दुसऱ्या दिवशी आत एक भिंत कोसळली, खाली कुणी नव्हते. तेव्हा त्याच लोकांनी माझ्यावरून हात फिरवला.

हवालदाराचा एक नेम होता. रोज सकाळी पहाऱ्यावर येताच तो हुकूम शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्याने वाचायचा. म्हणायचा, "ज्याच्या जोरावर लोकांना त्यांच्याच घरी जाऊ देत नाही, तो कागद त्यांना ऐकवायला नको?"

गल्लीत एका घड्याळजीचे दुकान होते. दुरुस्तीला आलेली लोकांची घड्याळे आत ओलीत पडली होती. रोज गंज चढत होता. घड्याळजी रोज दुकानाकडे नजर लावून माझ्यापाशी उभा राहायचा. त्याची बायको मात्र गप्प बसणारी नव्हती.

"काय हो हवालदार, आम्हाला आमच्याच दारात पाहुणे केलंत. निदान चहा तरी विचारा!"

"चहा माझ्या घरी, काकू. आत मात्र जायचं नाही."

चौदाव्या दिवशी इंजिनियर तपासून गेले. गल्लीच्या टोकाची एक भिंत धोक्याची ठरली, तिच्यासाठी वेगळा हुकूम निघाला. बाकी घरे ठीक होती.

सोळाव्या सकाळी हवालदार सवयीने वाचू लागला. हुकूम इतका पाठ झाला होता की मुदतीची तारीखही तो त्याच सुरात वाचून गेला.

"थांबा!" काकू ओरडल्या. "ती तारीख तर काल गेली!"

हवालदाराने पुन्हा वाचले. त्याचे कान लाल झाले. त्याने लगेच साहेबांना फोन लावला.

"साहेब, हुकमाची मुदत संपलीय."

"अरे, गर्दी होईल, चोऱ्या होतील. राहू दे अजून आठवडाभर. कोण विचारतंय?"

"एक काकू विचारतायत, साहेब."

"त्यांना काहीतरी सांग."

"नवा हुकूम पाठवा, साहेब, महिनाभर उभा राहतो. पण त्याशिवाय कुणाला घरी जाण्यापासून अडवायचा मला अधिकार नाही."

"मग पुढचं तुझं तू बघ!"

"बघतो, साहेब."

त्याने आणि घड्याळजीने मला दोन बाजूंनी उचलले आणि गल्लीच्या टोकाला त्या धोक्याच्या भिंतीसमोर नेऊन ठेवले. माझ्यावर तिचा हुकूम लागला. "इथे मात्र कुणी पाऊल टाकायचं नाही. काकू, तुम्हीसुद्धा!"

"मी कशाला मरायला येतेय तिकडे!" असे म्हणत त्या दुकानाकडे धावल्यासुद्धा.

निम्मी घड्याळे कामातून गेली होती. उरलेली घड्याळजीने पुसून, तेल देऊन वाचवली. आणखी दोन दिवस गेले असते, तर तीही गेली असती.

पुढे ती भिंत उतरवली. लोखंडी अडथळे आले, मी चौकीमागे पडलो. माझा रंग उडाला. हवालदाराला लेखी ताकीद मिळाली आणि दूरच्या चौकीवर बदली झाली. तो ताठ मानेने गेला.

मित्रांनो, रस्त्यात माझ्यासारखा कुणी आडवा दिसला, तर धोका असेल तोवर निमूट थांबा. त्याला लाथ मारू नका. पण कुणाच्या हुकमाने आणि कधीपर्यंत, हेही न घाबरता विचारा. आणि देवापुढे हात जोडाल, तेव्हा कुठेतरी उन्हात उभ्या असलेल्या माझ्या हवालदाराची एकदा आठवण काढा.